करंडक आणि रुमाल

पुण्याच्या सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आणि भरत नाट्य मंदिर या दोन वास्तू एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर उभ्या आहेत, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात जो कोणी संध्याकाळचा त्या बाजूने जाईल त्याला मराठी तारुण्याचे कलांशी व विद्येशी आज कोणते नाते उरले आहे याचा अंदाज रस्त्यावरच बांधता येईल. नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या फेऱ्या चाललेल्या असतात. टेम्पोतून लेव्हली आणि फ्लॅट उतरत असतात, रंगलेल्या चेहऱ्यांची मुले-मुली वडापावचा शेवटचा घास घाईने गिळत असतात, आणि पडदा वर जाण्यापूर्वी ‘अरे, आवाज कुणाचा’ या आरोळीस महाविद्यालयाच्या नावाने असे काही प्रत्युत्तर मिळते की शेजारच्या इमारतींनी कानांवर हात ठेवावेत. मंडळाच्या दारी मात्र गर्दी म्हणून नसते. आत रुमालांत बांधलेले शेकडो वर्षांचे मोडी कागद आहेत. ते वाचावयास येणारी मंडळी थोडी, आणि त्यांत विशी-पंचविशीतली त्याहून थोडी.

तरुणांविषयी आपल्याकडे सभासंमेलनांतून जे बोलले जाते त्यात ‘उद्याचे आधारस्तंभ’ हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की त्यातला अन्याय आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. तरुणाचा दिवस उद्याचा, आजचा दिवस आमचा, असा त्याचा सरळ अर्थ. आणि कला, भाषा, इतिहास, समीक्षा या क्षेत्रांत तर तरुणाने आधी दीर्घकाळ उमेदवारी करावी, वडीलधाऱ्यांनी हात धरून वर घ्यावे व केस पिकल्यावर त्याने तोंड उघडावे, हीच रीत स्वाभाविक मानली जाते. वस्तुतः गेल्या दोनशे वर्षांचा मराठी वाङ्मयाचा व विद्येचा इतिहास काढून पाहिला तर, ज्या कार्यांमुळे त्याला वळण लागले त्यांतली कितीतरी कार्ये तिशीच्या आतल्या माणसांनी, आणि बहुधा वडीलधाऱ्यांची परवानगी न विचारता, केलेली आढळतील. येथे ज्ञानेश्वरांचा दाखला देण्याची प्रथा आहे. पण अलौकिकावरून सामान्य नियम काढणे शहाणपणाचे नव्हे, म्हणून तो दाखला मी बाजूस ठेवतो.

बाळशास्त्री जांभेकरांचे उदाहरण अधिक उपयोगाचे आहे, कारण ते कसे घडले हे कागदोपत्री सांगता येते. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ले या खेड्यात १८१२ साली जन्मलेला हा मुलगा शिक्षणासाठी मुंबईस आला, आणि ६ जानेवारी १८३२ रोजी जेव्हा त्याने ‘दर्पण’ काढले तेव्हा त्याचे वय अवघे वीस वर्षांचे होते. एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी अशी त्या पत्राची रचना होती. एतद्देशीयांस नव्या ज्ञानाची ओळख व्हावी आणि राज्यकर्त्यांस एतद्देशीयांचे मनोगत कळावे, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. पुढे या गृहस्थाने एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन केले, ताम्रपट व शिलालेख वाचून त्यांवर निबंध लिहिले, १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले, १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापविली, आणि १८४६ च्या मे महिन्यात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो निवर्तला. एवढ्या अल्पायुष्यात एवढे कार्य झाले याचे श्रेय त्याच्या बुद्धीस आहेच. परंतु मुंबईच्या शिक्षणमंडळीत सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्यासारख्या ज्येष्ठाच्या हाताखाली त्याला ऐन विशीच्या उंबरठ्यावर जबाबदारीची जागा मिळाली, छापखाना हाताशी आला आणि ग्रंथ मोकळे झाले, ही गोष्ट आपण बहुधा विसरतो. दरवर्षी ६ जानेवारीस पत्रकार दिन साजरा करताना त्या वीस वर्षांच्या तरुणाच्या तसबिरीस हार घालणारे हात सहसा पन्नाशीच्या पुढचे असतात, हा योगायोग नव्हे.

त्यानंतर सोळा वर्षांनी, १८४८ मध्ये, एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आपली एक सभा स्थापन केली आणि तिच्या मराठी व गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा या नावाने काम करू लागल्या. विद्यार्थी निबंध लिहून आणीत, ते सभेत वाचले जात, त्यांवर खडाजंगी होई, आणि त्यांतले निवडक छापण्यासाठी १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघाले, ते १८६७ पर्यंत चालले. याच मंडळींनी १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या आणि पगारी शिक्षक नेमण्याइतका पैसा जमेपर्यंत सभासदांनी स्वतःच, आपला अभ्यास सांभाळून, त्यांत शिकविले. निबंध लिहिणे आणि शाळा चालविणे ही त्यांच्या लेखी भिन्न कामे नव्हती. आज विद्यापीठांतून ज्यास ‘सामाजिक उपक्रम’ म्हणून गुण दिले जातात तो त्यांना कोणी नेमून दिला नव्हता.

आणि मुक्ता! जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या, जेमतेम चौदा वर्षांच्या, मांग जातीतल्या या मुलीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. मराठी निबंधवाङ्मयाचे इतिहास लिहिणाऱ्यांनी शतकभर त्याची गणती शाळकरी मुलीच्या लिखाणात केली असावी, नाहीतर त्याला इतका काळ अनुल्लेखाने मारले गेले नसते. धर्म, स्पृश्यास्पृश्य आणि जमीन या तिन्हींचा प्रश्न तिने ज्या थेटपणाने विचारला तो थेटपणा त्या काळच्या प्रौढ शास्त्र्यापंडितांच्या गद्यात शोधून सापडत नाही. तिच्या शिक्षिकेचे, म्हणजे सावित्रीबाईंचे, वय तरी काय होते? शाळा सुरू झाली तेव्हा सतरा, आणि ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा तेवीस.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे नाव या मालिकेत यावयासच हवे, तथापि ते घेताना थोडे थबकावे लागते. १८७४ च्या जानेवारीत, चोविसाव्या वर्षी, सरकारी शाळेतली मास्तरकी सांभाळून, त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि सात वर्षांत तिचे ८४ अंक जवळजवळ एकहाती लिहून काढले. चित्रशाळा, न्यू इंग्लिश स्कूल आणि ‘केसरी’ यांच्या स्थापनेत ते होते. आणि १८८२ च्या मार्चमध्ये, बत्तीस वर्षेही पुरी न होता, ते गेले. मराठी गद्याला त्यांनी जो ताठ कणा दिला त्याचे ऋण आजचा प्रत्येक लेखक, जाणता वा अजाणता, फेडीत असतो. परंतु त्याच लेखणीने जोतीराव फुल्यांची आणि लोकहितवादींची जी टवाळी केली तीत विचारापेक्षा उपहास अधिक आहे, आणि तारुण्याची धार जेव्हा अहंकाराच्या सहाणेवर चढते तेव्हा ती कोणाला कापते याचे ते ठळक उदाहरण आहे. तरुणांचे कौतुक करू पाहणाऱ्या लेखाने हेही सांगितले पाहिजे. तरुण म्हणून त्यांना अन्यायाची मुभा मिळू नये.

येथे कोणी म्हणेल की त्या काळी विशी म्हणजे प्रौढपणच होते. लग्न झालेले असे, पोर मांडीवर असे, आणि साथीच्या तापांमुळे माणूस पस्तिशी गाठेल याची हमी नसे. आक्षेप रास्त आहे. आजचा वीस वर्षांचा मुलगा घरात ‘मुलगा’च असतो, त्याच्या मोबाइलचे बिल वडील भरतात, आणि त्याने स्वतंत्र मत मांडले तर ते ऐकून घेण्याची कृपा केली जाते. पण मग निष्कर्ष असा निघतो की तारुण्याची कर्तबगारी वयापेक्षा समाजाने टाकलेल्या भाराशी बांधलेली असते. भार टाकला तर खांदा तयार होतो. ज्या ज्या ठिकाणी समाजाने भार टाकण्यास नकार दिला तेथे तरुणांनी आपली लहानशी जागा स्वतः उभारली, हा या इतिहासाचा दुसरा भाग आहे, आणि माझ्या मते तो पहिल्याहून अधिक मोलाचा आहे.

त्र्यंबक बापूजी ठोमरे या धरणगावच्या मुलास १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी ‘बालकवी’ म्हणून गौरविले, हे वडीलधाऱ्यांच्या औदार्याचे सुंदर उदाहरण खरे. पण असा गौरव प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही. १९५० नंतरच्या दशकात मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ प्रभृती तरुणांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक काढले तेव्हा चित्रे शाळकरी वयाच्या उंबरठ्यावरच होते, आणि अंक छापखान्यातून येत नसत, सायक्लोस्टाइल करून वाटले जात. पुढे अशोक शहाण्यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाड्यांचे ‘वाचा’ आणि तशीच अनेक अल्पजीवी पत्रे निघाली. त्यांचे आयुष्य बहुतेक वेळा संपादकाच्या खिशातल्या पैशांइतकेच असे. मान्यवर मासिकांनी आपले साहित्य साभार परत करावे आणि आपण पुन्हा नम्रपणे पाठवावे, हा क्रम या मंडळींना मान्य नव्हता. त्यांतल्या नेमाड्यांनी १९६३ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, ‘कोसला’ लिहिली आणि मराठी कादंबरी पूर्वीसारखी राहिली नाही. तिकडे औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये स्थापिलेल्या मिलिंद महाविद्यालयाने खेड्यापाड्यांतल्या दलित मुलांना वसतिगृह, ग्रंथालय आणि हस्तलिखिताचे पान दिले, आणि त्या परिसरातून साहित्याची जी पिढी उभी राहिली तिच्या लिखाणासाठी गंगाधर पानतावण्यांचे ‘अस्मितादर्श’ पुढे हक्काचे ठिकाण झाले. मुंबईत नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला तेव्हा कवी तेवीस वर्षांचा होता. कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांतली भाषा काव्यात येऊ शकते की नाही, यावर विद्वानांत चर्चा चालू होती. ढसाळांनी चर्चेच्या समाप्तीची वाट पाहिली नाही.

आता पुन्हा नाट्य मंदिराकडे वळू, कारण लहान जागा उभारण्याची ही कला तेथे साठ वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांची स्पर्धा म्हणून पुरुषोत्तम करंडक सुरू केला. नियम साधे आहेत: कलावंत महाविद्यालयाचे विद्यार्थी असावेत आणि नाटक ठरलेल्या वेळात, म्हणजे तासाभराच्या आत, आटोपावे. पन्नासच्या आसपास संघ उतरतात, त्यांतले मोजके अंतिम फेरीत जातात. एवढ्याशा चौकटीत काय घडते ते तालमीच्या ठिकाणी जाऊन पाहावे. महाविद्यालयाचे सभागृह बहुधा मिळत नाही. म्हणून उपाहारगृह बंद झाल्यावर टेबले सरकवून, नाहीतर वाहनतळाच्या छपराखाली, रात्री उशिरापर्यंत तालीम चालते. संहिता पहिल्या वर्षाच्या मुलाने लिहिलेली असू शकते आणि तिची चिरफाड तिसऱ्या वर्षाची मुलगी करीत असते; प्रवेशाच्या वेळी पाय कोणता पुढे टाकावा यावर अर्धा तास जातो; दिव्यांचे काम पाहणारा मुलगा सगळ्यांत कमी बोलतो आणि सगळ्यांत जास्त वाक्ये त्यालाच पाठ असतात. रंगमंचावर सात-आठ जण दिसत असले तर त्यांच्या पाठीशी वीस-पंचवीस जण विंगेत उभे असतात, ज्यांना ठाऊक असते की आपले नाव वर्तमानपत्रात येणार नाही आणि पुढल्या वर्षी कदाचित आपल्याला एक वाक्य मिळेल. कलेतली जी खरी शिस्त आहे, म्हणजे दुसऱ्याच्या प्रवेशासाठी आपण अंधारात स्तब्ध उभे राहणे, ती कोणत्याही अभ्यासक्रमात अशी शिकविली जात नाही.

या परंपरेतली एक गंमत अशी की तिचा मोठा भार कला शाखेने उचललेलाच नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ येथे सातत्याने बाजी मारत आले आहेत, आणि त्यांच्या आधी वैद्यकीय महाविद्यालयांचे. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी. ही मंडळी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात आणि स्पर्धांच्या रंगमंचावर घडली. १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरातच ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा दिग्दर्शक जब्बार पटेल तिशीचे होते आणि भिंतीसारखी उभी राहणारी ती गाणारी-नाचणारी मंडळी बहुतेक त्यांच्याहून लहान. एकोणीस प्रयोगांनंतर ते बसविणाऱ्या संस्थेतल्या ज्येष्ठांनी नाटक थांबविले, तरुण मंडळी बाहेर पडली, आणि १९७३ च्या मार्चमध्ये थिएटर अॅकॅडमी ही त्यांची स्वतःची संस्था उभी राहिली. तिनेच ते नाटक पुन्हा रंगमंचावर आणले, १९८० मध्ये युरोपात नेले, आणि दरम्यान १९७४ मध्ये पंचविशीतल्या आळेकरांचे ‘महानिर्वाण’ दिले. मुंबईत त्याच सुमारास ‘आविष्कार’ने दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह प्रायोगिक नाटकांसाठी मिळविले आणि एका शाळेच्या वरच्या मजल्यावरून अख्ख्या चळवळीस नाव मिळाले. नाट्यगृहाचे भाडे परवडले असते तर ते नाव कदाचित वेगळे पडले असते. जागा स्वस्तात मिळणे ही कलेच्या इतिहासातली फार मोठी घटना असते, आणि आपले समीक्षक तिची नोंद क्वचितच घेतात.

जागेइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे परीक्षक. २०२२ साली पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी एकाही एकांकिकेस करंडकास पात्र ठरविले नाही. मोठे वादळ उठले. मुलांनी अडीच महिने घाम गाळला त्याचे हे फळ काय, असे पालकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वांनी विचारले. मुलांचे दुःख खोटे नव्हते. पण मला स्वतःला तो निर्णय तरुणांच्या बाजूचा वाटतो. लहान मुलाच्या चित्रास पाहुणे ‘वा’ म्हणतात त्या ‘वा’मध्ये प्रेम असते, आदर नसतो. ज्याच्याकडून खऱ्या नाटकाची अपेक्षा आहे त्यालाच ‘हे अजून झाले नाही’ असे सांगितले जाते. शाली आणि सन्मानचिन्हे यांचा सुकाळ असलेल्या आपल्या समाजात तरुण कलावंतास दुर्मीळ असे काही मिळत असेल तर ते निर्भीड नकार.

कलांचे असे एकंदरीत बरे चालले आहे. २०१४ मध्ये चैतन्य ताम्हाणे या सत्तावीस वर्षांच्या दिग्दर्शकाचा ‘कोर्ट’ व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार घेऊन आला. २५ जानेवारीची रात्र जागून प्रजासत्ताक दिनाच्या पहाटेपर्यंत ‘सवाई’ स्पर्धेतल्या एकांकिका पाहणारा प्रेक्षक मुंबईत अजून आहे. प्रश्न आहे तो शेजारच्या इमारतीचा, म्हणजे मंडळाचा.

असे नव्हे की तरुणांनी इतिहासास कधी हात लावला नाही. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू झाले आणि त्यातून बखरी, पत्रे व जुनी काव्ये छापून प्रथमच सर्वांच्या हाती येऊ लागली, तेव्हा ते चालविणारे काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक आणि त्यांस साथ देणारे चिपळूणकर हे तिघेही तिशीच्या आगेमागेचे होते. वि. का. राजवाड्यांनी वाईस सापडलेल्या कागदांवरून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि १९१० च्या जुलैत खं. चिं. मेहेंदळे यांच्यासह भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. वाड्यांतून, देवळांतून, जहागीरदारांच्या तळघरांतून दफ्तरे मिळवीत ही माणसे पायी हिंडली, आणि मिळविले ते छापले. मंडळाच्या सभेत टिपण वाचावयाचे तर पुरावा पुढे ठेवावा लागे, आणि तो कच्चा असला तर तेथेच वाभाडे निघत. करंडकाच्या परीक्षकांहून ती कचेरी सौम्य नव्हती.

मोडी कागद वाचणे म्हणजे काय, हे ज्यांनी तो कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रुमालाची गाठ सोडली की लांबट, अरुंद कागदांची चवड हाती येते. कारकुनाने आधी आडवी रेघ ओढून घेतलेली असते, आणि तिच्याखाली अक्षरे, लेखणी होईल तितकी न उचलता, एकात एक ओवीत नेलेली असतात. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. कोठे शब्द संपतो हे अर्थावरून ठरवावयाचे, आणि अर्थ तर शब्द सुटल्याखेरीज कळत नाही. समजा, कागदावर मिती अशी आहे: छ १२ रमजान, सीत सबैन मया व अलफ. ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात रमजान महिन्याचा बारावा दिवस. पुढचे अरबी अंक सहा, सत्तर, शंभर व हजार, म्हणजे सुहूर सन ११७६. त्यात महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन निघतो, आणि येथे तो १७७५ च्या नोव्हेंबराच्या आरंभाशी येऊन थांबतो. क्षणापूर्वी जे अगम्य होते ते आता एका विवक्षित आठवड्यात जाऊन बसते: सवाई माधवराव दीड वर्षाचे आहेत, बारभाईंचा कारभार चालू आहे, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास गेले आहेत, आणि पुरंदरचा तह अद्याप चार महिने दूर आहे. मग त्या कागदात कोणा मामलेदाराने बैलांच्या चाऱ्याविषयी का लिहिले असेना, वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. हा आनंद नाटकाच्या तिसऱ्या घंटेपेक्षा कमी नाही. फक्त त्याला टाळ्या नाहीत.

आणि या दोन इमारतींतले अंतर किती खोटे आहे पाहा. ‘घाशीराम’वर गदारोळ उठला तो नाना फडणीसाचे चित्र इतिहासास धरून आहे की नाही यावरून. नानाच्या काळची पत्रे शेजारीच होती. वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांतल्या किती तरुणांनी ती उघडून पाहिली असतील? नाटककारास इतिहासाचे बंधन नसते हे मला मान्य आहे. पण कोणत्या गोष्टीपासून आपण स्वातंत्र्य घेत आहोत हे ठाऊक असलेला कलावंत आणि ते ठाऊक नसलेला कलावंत यांत फरक पडतोच.

मग तरुण मंडळात का जात नाहीत? त्यांना गोडी नाही हे उत्तर खोटे आहे. किल्ल्यांवर दर रविवारी जी झुंबड उडते ती त्यांचीच असते. खरे कारण घराघरांत आहे. दहावीचा निकाल लागला की ‘सायन्स मिळत नव्हते का?’ हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्यास मांडवात वरपित्याने हुंडा विचारावा इतक्या सहजतेने विचारला जातो, आणि तो ऐकून वाढलेला मुलगा आपल्या विषयाकडे अपराध्यासारखा पाहू लागतो. पुढे तोच मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यास येतो आणि याच सदाशिव पेठेत, मंडळापासून पायी पाच-दहा मिनिटांवरच्या एखाद्या अभ्यासिकेत, टेबलाच्या दोन हात तुकड्यासाठी महिन्याचे भाडे भरून, दिवसाचे दहा-बारा तास इतिहासच वाचतो. पण तो इतिहास तहांच्या कलमांचा आणि सनावळ्यांचा असतो. चार पर्यायांतला एक निवडण्यापलीकडे त्याच्याकडून कोणी काही मागत नाही. हजारो बुद्धिमान तरुण इतिहास वाचीत आहेत आणि त्यांतल्या कोणास मूळ कागद दाखविण्याची तसदी कोणी घेत नाही, ही विद्येच्या क्षेत्रातली उधळपट्टी मला करंडक न मिळाल्याच्या दुःखापेक्षा फार मोठी वाटते.

गरज पडली की समाजाला याची आठवण होते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून जुनी दफ्तरे बाहेर निघाली. जन्ममृत्यूच्या नोंदी, कोतवाल बुके, शाळांची रजिस्टरे, जमीनमहसुलाचे कागद, यांतले कितीतरी मोडीत. आणि तहसील कचेऱ्यांतून मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. जी लिपी शिकून काय पोट भरणार असे कालपर्यंत विचारले जात होते, तिच्या जाणकारास सरकारी वाहन न्यावयास आले. त्या दिवसांत अनेक तरुण मोडीच्या वर्गांत दाखल झाले, हे चांगलेच झाले. परंतु दाखला मिळाला की दफ्तर पुन्हा बांधले जाते, आणि त्यात गावाच्या पाण्याचे, दुष्काळाचे, बाजाराचे, बायकांच्या फिर्यादींचे जे वृत्त आहे ते वाचण्यास कोणी थांबत नाही.

माझी विनंती प्रथम इतिहास व मराठी विभागांच्या अध्यापकांस आहे. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून पाठ्यपुस्तकातला निबंध पुन्हा उतरवून घेण्याऐवजी त्यांच्या हाती एका गावचे एक दफ्तर द्यावे, वर्षभर वाचू द्यावे, आणि वर्षअखेर बाहेरच्या जाणत्या परीक्षकांपुढे ते सादर करावयास लावावे. स्पर्धा ठेवावयाची तर ठेवावी, करंडकही ठेवावा, आणि पात्र कोणी नसेल तर तो कोणास न देण्याचे धैर्यही ठेवावे. अभियांत्रिकीच्या मुलांनाही त्यात घ्यावे. नाटकाचा अनुभव पाहता ती येतील.

दुसरी विनंती वाचकांस. कोकणात, देशावर, मराठवाड्यात, गोव्यातही, कितीतरी जुन्या घरांच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत मोडी कागद पडून आहेत. घर पाडताना वा भाऊबंदकी मिटताना ते रद्दीत जातात. ते प्लास्टिकात कोंबू नयेत, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. धुतलेल्या सुती फडक्यात सैल बांधावेत, कोणत्या गावी कोणाच्या घरी सापडले ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावे, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या, मोडी शिकत असलेल्या एखाद्या मुलीस वा मुलास बोलावून त्यांची छायाचित्रे घेऊ द्यावीत. मूळ कागद घरी ठेवावेत किंवा पुराभिलेख खात्याकडे, एखाद्या संशोधन मंडळाकडे द्यावेत, ते ज्याचे त्याने ठरवावे. पण वाचून झाल्यावर जी नक्कल तयार होईल तिच्याखाली वाचणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव अवश्य लिहावे.